सात वर्षांच्या मुलीची 'निवड' : जिम्नॅस्टिक्स खेळलेल्यांना आणि पालकांना विचारायचंय

प्राजक्ताचा_सडा (सोमवार, रात्री १०.२०)

नमस्कार. मुलांच्या खेळांवर इथे क्रिकेट, बुद्धिबळ, पोहणं यांचे बरेच धागे आहेत, जिम्नॅस्टिक्सचा सापडला नाही म्हणून नवा काढतेय. जरा सविस्तर लिहिते, नाहीतर प्रश्न कळायचा नाही.

आम्ही ठाण्यात राहतो. लेक साडेसात वर्षांची. समोरच्या बिल्डिंगमधली मैत्रीण जाते म्हणून पाचव्या वर्षी हिलाही क्लासला घातलं, आठवड्यातून तीन दिवस, एकेक तास. तेव्हापासून हॉलच्या भिंतीवर हिच्या टाचांचे ठसे आहेत, कारण टीव्ही बघायचा तोही हँडस्टँडमध्ये. मागच्या आठवड्यात मॅडमनी मला थांबवून घेतलं. म्हणाल्या, हिला सिलेक्शन बॅचमध्ये घ्यायचा विचार आहे. रविवार सोडून सहा दिवस, रोज तीन तास. मग आम्हा दोघांची उंची विचारली. मी पाच फूट दोन, नवरा पाच अकरा. ऐकून जरा गप्प झाल्या. "बघू. वडिलांवर गेली तर अवघड आहे. दहाव्या वर्षापर्यंत कळेलच."

त्या 'कळेलच'वर मी आठवडाभर अडकलेय. अडीच वर्षं रोज तीन तास घालवल्यावर हिला कोणीतरी सांगणार का, की तू लांब झालीस, आता पुरे? लेक तर उड्या मारत 'हो' म्हणाली. पण साडेसात वर्षांच्या 'हो'वर किती विसंबायचं? सासूबाईंना वाटतं, एवढं अंग पिळलं की मुलींची उंची खुंटते. नवरा म्हणतो, घाल, पुढचं पुढे.

वरच्या पातळीवरची निवड खरंच कशी होते, कशावरून ठरवतात, आणि निवड झाल्यावर मुलीचं काय होतं, हे समजून घ्यायचंय. ज्यांनी जवळून बघितलंय त्यांनी कृपया लिहा.

रानजाई (सोमवार, रात्री ११.०५)

माझी पाच वर्षांची आहे, हाच प्रश्न वर्षभरात माझ्यासमोर येईल. वाचत राहीन.

बीमवरची (मंगळवार, सकाळी ७.१५)

प्राजक्ता, मी बारा वर्षं खेळले, महाराष्ट्राकडून राष्ट्रीय स्पर्धांना गेले, आता पुण्यात सहा ते दहा वयाची मुलं शिकवते. तुमच्या मॅडमच्या जागी दर वर्षी मी असते, तेव्हा आम्ही काय बघतो ते सांगते.

मूल आलं की आधी बारला लटकवते. गुडघे न वाकवता पाय वर येतात का? मग पाठीवर झोपवून खांदे आणि पाय जमिनीपासून थोडे उचलायचे, कंबर मात्र जमिनीला चिकटलेली. याला हॉलो म्हणतो. हा किती वेळ धरते? हात वर केल्यावर खांदे पूर्ण उघडतात का? खांदा अडकत असेल तर हँडस्टँड सरळ रेषेत येत नाही, आणि ज्याचा हँडस्टँड वाकडा त्याचं बारपासून व्हॉल्टपर्यंत (धावत येऊन टेबलावर हात टेकून मारायची उडी) सगळंच वाकडं जातं. उडी मारताना पाऊल जमिनीवर रेंगाळतं की चेंडूसारखं उसळतं, हेही बघते. स्प्लिट सगळ्यात शेवटी, कारण तो बहुतेकांना शिकवता येतो. पालक मात्र नेमके स्प्लिटचेच फोटो पाठवतात.

उंचीबद्दल मॅडम खोटं बोलल्या नाहीत. आटोपशीर शरीर हवेत लवकर फिरतं, आणि बारवर लांब अंगाचा झोका आवरायला ताकद जास्त लागते. पण सातव्या वर्षी आईवडिलांच्या उंचीवरून काढलेला आकडा अंदाजच असतो. आणि रशियाची स्वेतलाना खोर्किना आठवा. पाच फूट पाच इंच, जिम्नॅस्टिक्सच्या मानाने ताडमाड. १९९६ आणि २००० अशा दोन ऑलिंपिकमध्ये अनईव्हन बार्सचं (कमी-जास्त उंचीच्या दोन दांड्या) सुवर्ण तिचं, आणि सर्वसाधारण, म्हणजे सगळ्या साधनांवरचे गुण मिळून ठरणारं, विश्वविजेतेपद तीन वेळा. तिच्या प्रशिक्षकांनी, बोरिस पिल्किन यांनी, तिच्या लांबीला शोभतील अशा हालचाली तिच्यासाठी बसवल्या. तिला कापून साच्यात घातलं नाही.

आणखी एक गोष्ट मी बघते, ती कुठल्याच तक्त्यात नसते. एक चूक सांगितली की पुढच्या फेरीत ती दुरुस्त करायचा प्रयत्न दिसतो का? आणि बीमवरून पडलेली मुलगी परत रांगेत येऊन उभी राहायला किती वेळ घेते? बीम दहा सेंटिमीटर रुंद आणि सव्वा मीटर उंच. पडणार सगळ्याच. मी शिकवलेल्यांत पुढे गेलेल्या मुली या दोन प्रश्नांवर ओळखू आल्या, उंचीवर नाही.

माझं स्पष्ट मत लिहून ठेवते. लवकर सुरुवात करणं आणि लवकर निवड करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जिम्नॅस्टिक्सला सुरुवात लवकरच लागते. सहा-सातव्या वर्षी शरीर उलटं करायची भीती जितक्या सहज जाते तितकी तेराव्या वर्षी जात नाही. पण म्हणून सातव्या वर्षी दार कोणासाठी बंद करायचं, हे ठरवायला कोणाकडेही पुरेसा पुरावा नसतो.

तालीम (मंगळवार, सकाळी ९.४०)

बीमवरची यांचा प्रतिसाद उत्तम. प्राजक्ताताई, मी निवृत्त क्रीडाशिक्षक, सांगली जिल्ह्यातला. आयुष्य मल्लखांबावर गेलं.

राज्य शासनाच्या क्रीडाप्रबोधिनीच्या चाचण्यांना मी जिल्हा परिषद शाळांतली मुलं नेली आहेत. वय आठ ते चौदा. उंची, वजन, तीस मीटर धाव, सहा गुणिले दहा मीटर शटल रन, उभी लांब उडी, उभी उंच उडी, मेडिसिन बॉल फेक, लवचीकता आणि आठशे मीटर. ज्या पोराने आयुष्यात मॅट बघितलेली नाही त्यालाही यातून वाट मिळते, म्हणून मला या चाचण्यांचा आदर आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातला मुलगा मी या मार्गाने निवासी प्रबोधिनीत गेलेला पाहिला. त्याच्या आईने पहिल्यांदा जिल्ह्याचं गाव बघितलं ते त्या दिवशी.

पण एक दोष वर्षानुवर्षं डोळ्यांनी पाहिला. एकाच गटात जानेवारीत जन्मलेलं पोर आणि डिसेंबरातलं पोर शेजारी उभं राहतं. आठव्या वर्षी अकरा महिन्यांचं अंतर म्हणजे डोंगर. उडी, फेक, धाव, सगळ्यात मोठं पोर पुढे. आम्ही त्याला गुणवान म्हणायचो, ते फक्त आधी जन्मलेलं असायचं. धाकटी पोरं रडवेली होऊन एसटीत बसायची. त्यातली दोन-तीन माझ्याकडेच मल्लखांबावर टिकली आणि पंधराव्या वर्षी त्या निवडलेल्यांच्या पुढे गेली.

आमच्या आखाड्यात निवड हा प्रकारच नव्हता. जो संध्याकाळी येईल त्याच्या अंगाला तेल लागायचं. मुंबईत दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे सरांनी हेच केलं, अगदी अंध मुलांनाही मल्लखांब शिकवला. त्यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आम्हा सगळ्यांना आपल्याच घरात मान आल्यासारखं वाटलं. मुलीला आठवड्यातून एकदा दोरीच्या मल्लखांबावर पाठवता आलं तर पाठवा. पकड आणि खांदा असा तयार होतो की जिम्नॅस्टिक्सला कामी येतो.

ईशान्यवारी (मंगळवार, दुपारी १.३०)

बँकेच्या नोकरीत चार वर्षं आगरतळ्याला काढली. त्यामुळे दीपा कर्माकरबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

दीपाचे तळपाय सपाट. जिम्नॅस्टिक्सच्या निवडीत सपाट तळपाय म्हणजे पहिल्याच फेरीत नापास, कारण उसळी आणि जमिनीवर उतरणं दोन्ही त्यावर. सहाव्या वर्षी ती विवेकानंद व्यायामागारात आली. वडील वजनउचल खेळाचे प्रशिक्षक, त्यांनी हट्टाने घातलं. पुढे विश्वेश्वर नंदी सरांनी तिच्या पावलांवर वर्षानुवर्षं काम केलं. साधनं नव्हती, तर जुन्या स्कूटरचे भाग वापरून उडी मारायचा फळा बनवला आणि मॅटवर मॅट रचून खड्डा भरला.

निकाल सगळ्यांना माहीत आहे. २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुलात व्हॉल्टचं कांस्य, या खेळात भारतीय महिलेचं पहिलं राष्ट्रकुल पदक. १९६४ नंतर एकही भारतीय जिम्नॅस्ट ऑलिंपिकला गेला नव्हता, बावन्न वर्षांनी ही गेली, आणि महिलांत तर पहिलीच. रिओत प्रोदुनोव्हा, म्हणजे हवेत दोन कोलांट्या घेणारी व्हॉल्टवरची अतिशय अवघड उडी, मारून चौथी. १५.०६६ गुण, आणि तिसरी आलेल्या स्वित्झर्लंडच्या जुलिया स्टाइनग्रुबरचे १५.२१६. त्या रात्री आगरतळ्याहून सहकाऱ्यांचे फोन येत होते आणि माणसं अक्षरशः रडत होती.

तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर २०१८ मध्ये तुर्कस्तानात मेर्सिनला वर्ल्ड चॅलेंज कपचं सुवर्ण, आणि २०२४ मध्ये ताश्कंदला आशियाई अजिंक्यपद, तीस वर्षं पूर्ण व्हायच्या आसपास नाही, तीस ओलांडून. सातव्या वर्षीच्या तळपायावर कोणी शिक्का मारून परत पाठवलं असतं तर?

तिथे राहून आणखी एक समजलं, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. दीपा एकटी उगवलेली नाही. साठच्या दशकात दलीप सिंग नावाचे प्रशिक्षक त्रिपुरात आले आणि त्यांनी हा खेळ रुजवला. मंटू देवनाथ त्याच परंपरेतले, अर्जुन पुरस्कार मिळवणारे. नंदी सर स्वतः त्याच परंपरेतले खेळाडू. म्हणजे आधी पन्नास वर्षं एका छोट्या गावात प्रशिक्षकांची साखळी तयार झाली, मग एक दीपा आली. मुलगी निवडण्याआधी गुरू घडवावे लागतात.

पदकाची_आस (मंगळवार, संध्याकाळी ६.५०)

सगळ्यांचे अनुभव आदराने वाचले, पण मी वेगळी बाजू मांडतो. दीपा अपवाद आहे. अपवादावर धोरण उभं राहत नाही.

रुमानियाच्या ओनेश्तमध्ये बेला करोली शाळाशाळांतून फिरून मुली शोधत होते. मैदानात कोलांट्या मारणाऱ्या दोन मुली दिसल्या, घंटा झाली, त्या वर्गात पळाल्या, आणि ते वर्गावर्गात जाऊन विचारत सुटले, ही गोष्ट ते स्वतः सांगायचे. त्यातली एक नादिया कोमनेची. १९७६ ला माँट्रियलमध्ये चौदाव्या वर्षी पहिले पूर्ण दहा गुण, आणि गुणफलकावर दहा दाखवायची सोयच नाही म्हणून १.०० दिसलं. सोव्हिएत संघाने आणि चीनने क्रीडाशाळांतून हेच केलं. हजारो मुलं बघायची, मोजायची, थोडी उचलायची आणि त्यांच्यावर सगळं ओतायचं. आपण सगळ्यांना थोडं थोडं देत बसतो म्हणून आपल्याकडे पदकं नाहीत. सरकारी पैसा मर्यादित आहे, चांगला हॉल आणि फोम पिट (उड्या शिकताना पडायला फोमने भरलेला खड्डा) असलेली केंद्रं बोटावर मोजण्याइतकी. कठोर निवडीशिवाय तो पैसा कुठे लावणार?

रानजाई (मंगळवार, संध्याकाळी ७.१०)

पण "ओतायचं" म्हणजे त्या मुलांचं बालपणच ना?

बीमवरची (मंगळवार, रात्री ९.४५)

पदकाची_आस, पैशाचा मुद्दा खरा आहे, टाळत नाही. राज्यात ऑलिंपिक दर्जाची साधनं असलेली ठिकाणं थोडी, बालेवाडी, छत्रपती संभाजीनगरचं साई (भारतीय क्रीडा प्राधिकरण) केंद्र अशी. प्रत्येक तालुक्यात ती होणार नाहीत.

पण ज्या पद्धतीचा दाखला तुम्ही देताय, ती ज्या नियमांवर उभी होती ते नियमच गेले. नादिया चौदाव्या वर्षी ऑलिंपिक खेळली, कारण तेव्हा किमान वय चौदा होतं. १९८१ पासून ते पंधरा झालं आणि १९९७ पासून सोळा. त्या वर्षात सोळा पूर्ण होणारी मुलगीच वरिष्ठ गटात खेळू शकते. हा नियम मोडणं किती महाग पडतं ते सिडनीनंतर दिसलं. चीनच्या डोंग फांगशियाओचं वय कमी होतं हे सिद्ध झाल्यावर २००० चं सांघिक कांस्य २०१० मध्ये चीनकडून काढून घेतलं, अमेरिकेला दिलं. आपल्याकडे वयाचे दाखले खालीवर करणाऱ्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं.

मग २००६ पासून गुणांची पद्धत बदलली. दहाची कमाल मर्यादा गेली. काठिण्याचे गुण वेगळे, सफाईचे वेगळे. काठिण्याला ताकद लागते, आणि ती ताकद मोठ्या, पूर्ण वाढलेल्या शरीरात येते. २०२४ ला पॅरिसमध्ये सर्वसाधारण सुवर्ण जिंकणारी सिमोन बाइल्स सत्तावीस वर्षांची होती, रौप्य मिळवणारी ब्राझीलची रेबेका आंद्रादे पंचवीसची, गुडघ्याच्या तीन शस्त्रक्रिया झालेली. उझबेकिस्तानची ओक्साना चुसोवितिना आठ ऑलिंपिक खेळली. दहाव्या वर्षी सुकलेली छोटी मूर्ती शोधायची ती गरज आता खेळालाच उरलेली नाही.

आणि रुमानियाचं पुढे काय झालं तेही बघा. १९९४ ते २००१ सलग पाच सांघिक विश्वविजेतेपदं. त्याच देशाचा महिला संघ २०१६ ला रिओसाठी पात्रसुद्धा ठरला नाही. प्रशिक्षक परदेशी गेले, खेळायला येणारी मुलं कमी झाली, आणि मूठभर मुलींवर उभा डोलारा टिकला नाही.

न्यूजर्सीची_माय (बुधवार, पहाटे ४.३०)

अगं प्राजक्ता, माझी लेक बारा वर्षांची, इथे लेव्हल सातला आहे. इथली रचना सांगते, तुलनेला उपयोगी पडेल.

एक ते दहा अशा लेव्हल्स. पाचव्यापर्यंत सगळ्यांना ठरलेलंच रुटीन, सहापासून प्रत्येकीचं स्वतःचं. त्याच्या वर एलिट. एकीकडे लहान मुलींसाठी टॉप्स नावाची चाचणी असते. हँडस्टँड धरणं, प्रेस हँडस्टँड, दोरीवर चढणं, पाय उचलणं, लवचीकता. मोजतात, पण चाचणीत मागे पडलेली मुलगी आपल्या लेव्हलमध्ये खेळत राहते. तिला कोणी घरी पाठवत नाही. बहुतेकींचं ध्येय ऑलिंपिक नसतंच, कॉलेज संघ असतो. लेव्हल दहाच्या कितीतरी मुलींना शिष्यवृत्ती मिळते आणि कॉलेजात अजूनही दहापैकी गुण देतात.

पण सगळं छान आहे असं मुळीच समजू नकोस. वर उल्लेख आलेले करोली पुढे अमेरिकेत आले, त्यांच्या टेक्सासमधल्या रँचवर राष्ट्रीय संघाची शिबिरं व्हायची, पालकांना आत प्रवेश नव्हता. संघाचा डॉक्टर लॅरी नासर तिथेही मुलींचं लैंगिक शोषण करत होता. २०१८ च्या जानेवारीत त्याला शिक्षा सुनावताना दीडशेहून जास्त मुलींची निवेदनं न्यायालयात झाली. मी ती रोज ऐकली, स्वयंपाक करता करता थांबून ऐकली. कित्येकींनी आधी सांगितलं होतं, मोठ्यांनी ऐकलं नव्हतं. कारण मुलींना पहिल्यापासून शिकवलेलं की दुखलं तरी बोलायचं नाही, बोललीस तर संघातून जाशील. निवड हातात असणारा माणूस आणि तक्रार ऐकणारा माणूस एकच असला की हेच होतं.

आता नियम आहे की प्रशिक्षक आणि मूल दोघंच बंद खोलीत नसावेत, कोणालाही दिसेल असंच असावं. तुझ्या क्लासचा पहिला प्रश्न हाच विचार : मला कधीही येऊन बघता येईल का?

तालीम (बुधवार, सकाळी ८.२०)

वाचून अंगावर काटा आला. आपल्याकडेही मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा पोक्सो कायदा २०१२ पासून आहे, आणि मुलावर अत्याचार झाल्याचं समजल्यावर न कळवणं हाही त्यात गुन्हा आहे. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे. प्रत्येक हॉलच्या दारावर तो मोठ्या अक्षरात असावा.

हाडवैद्य (बुधवार, दुपारी ३.००)

अस्थिरोगतज्ज्ञ, नाशिक. सासूबाईंच्या शंकेला उत्तर देतो, कारण ती मला दर आठवड्याला विचारली जाते.

जिम्नॅस्टिक्समुळे उंची खुंटते असं दिसत नाही. २०१३ मध्ये वाढीच्या अभ्यासकांच्या गटाने उपलब्ध संशोधन एकत्र तपासलं, त्याचाही निष्कर्ष तोच होता. जिम्नॅस्ट बुटके दिसतात, कारण बुटकी, उशिरा वयात येणारी मुलं या खेळात टिकतात आणि निवडली जातात. बास्केटबॉलमुळे कोणी उंच होत नाही, तसंच.

मात्र काळजी दुसरीकडे आहे. हाडांच्या टोकांशी वाढीची पट्टी असते, ग्रोथ प्लेट. ती हाडापेक्षा नाजूक. हातांवर भार घेणारा हा खेळ, त्यामुळे मनगटाची पट्टी सुजते. टाच दुखते, गुडघ्याच्या खालचं हाड दुखतं, आणि वारंवार मागे वाकल्याने कमरेच्या मणक्याला बारीक चीर जाऊ शकते. यातलं बहुतेक वेळेवर विश्रांती दिली तर बरं होतं. दुखत असताना बँडेज बांधून चालू ठेवलं तर नाही.

मुलींची उंची साधारण अकरा-बाराच्या सुमारास झपाट्याने वाढते. त्या काळात आधी येणाऱ्या गोष्टी अचानक बिघडतात. हात-पाय लांब झालेले, मेंदूचा अंदाज जुनाच. प्रशिक्षकाला वाटतं मुलगी आळशी झाली. अशा वेळी उड्यांची संख्या कमी करून पाया पुन्हा घट्ट करायचा असतो. माझी विनंती, दर तीन महिन्यांनी उंची मोजून वहीत लिहा. वाढीचा वेग वाढलेला दिसला की ती वही मॅडमना दाखवा.

आणि खाणं. वजन कमी ठेवण्यासाठी उपाशी ठेवलेल्या मुली माझ्याकडे ठिसूळ हाडं घेऊन येतात. पाळी उशिरा येणं किंवा थांबणं हे 'खेळाडूंचं असंच असतं' म्हणून सोडून देऊ नका. शरीराला मिळणारी ऊर्जा अपुरी पडते आहे याची ती खूण असते. हॉलमध्ये सगळ्यांसमोर वजनकाटा असेल तर तो काढायला सांगा.

शेवटचा_बाक (बुधवार, रात्री ११.३०)

मी कधी लिहीत नाही, पण हा धागा तीनदा वाचला.

माझा मुलगा सहाव्या वर्षी निवडला गेला. एका मोठ्या शहरातला क्लब, नाव लिहीत नाही. पहाटे पाचला उठायचं, शाळा, मग परत संध्याकाळी. नऊ वर्षांचा असताना रिंग्जवर त्याला बघून परगावचे प्रशिक्षकही थांबायचे. आम्ही सुट्ट्या, लग्नकार्यं, गणपती, सगळं सोडलं. बाराव्या वर्षी मनगट दुखायला लागलं. सांगितलं तर 'नाटक करू नको' म्हणाले. तेराव्या वर्षी एका संध्याकाळी पुढच्या वर्षाची यादी फळ्यावर लागली, त्यात त्याचं नाव नव्हतं. आम्हाला आधी कोणी बोललं नाही. त्याने ती यादी मित्रांसोबत वाचली.

त्यानंतर वर्षभर तो कुठल्याच मैदानात गेला नाही. घरात जमिनीवर बसायचाही नाही, खुर्चीवरच बसायचा. मला ते उशिरा कळलं, की जमिनीवर बसलं की त्याचे हात आपोआप टेकून अंग उचलायचं बघायचे.

आता एकोणीसचा आहे, फिजिओथेरपी शिकतोय, बरा आहे. निवड झाली नाही याचं मला दुःख नाही. सात वर्षं दिलेल्या मुलाशी पाच मिनिटं समोर बसून बोलायला कोणी आलं नाही, ते जात नाही मनातून.

बीमवरची (गुरुवार, सकाळी ६.५०)

दादा, रात्री तुमचं वाचून झोप लागली नाही. मीही याद्या लावल्या आहेत. फोनवर कळवलं आहे. या वर्षीपासून प्रत्येक मुलाशी आईवडिलांसमोर बसून बोलेन, आणि ज्याला वरच्या बॅचमध्ये घेत नाही त्याला पुढे काय करता येईल ते लिहून देईन. कितीतरी वाटा आहेत. ॲरोबिक, अ‍ॅक्रोबॅटिक, ट्रॅम्पोलिन, मल्लखांब, डायव्हिंग. रिदमिकला, म्हणजे रिबन-चेंडू घेऊन संगीतावर करायच्या प्रकाराला, तर लांब हातपाय शोभतातच. ठाण्याच्याच संयुक्ता काळेने पंचकुलाच्या खेलो इंडियात रिदमिकची पाच सुवर्णं घेतली. प्राजक्ता, तुमची लेक वडिलांवर गेली तर हेही डोक्यात ठेवा.

पदकाची_आस (गुरुवार, सकाळी ९.१५)

शेवटचा_बाक, तुमच्या मुलाला माझ्याकडून नमस्कार सांगा.

माझं मत थोडं बदलतो. वरच्या थरावर निवड कठोरच हवी, ते अजूनही म्हणेन. पण ती कोणत्या वयात आणि खाली किती मुलं खेळत ठेवून, याचा मी विचार केला नव्हता. बारा-तेराच्या आत अंतिम निवड नको, हे पटलं.

प्राजक्ताचा_सडा (शनिवार, रात्री ९.३०)

सगळ्यांचे मनापासून आभार. इतके दिवस उत्तर दिलं नाही कारण आधी मॅडमशी बोलायचं होतं.

आज गेले. हाडवैद्य यांनी सांगितलेली वही सोबत नेली, बालवाडीपासूनच्या उंचीच्या नोंदी होत्याच शाळेच्या कार्डावर. विचारलं, मला कधीही बसून बघता येईल का? म्हणाल्या, गॅलरीत कधीही या, फक्त मुलीला हाका मारू नका. दुखलं तर कोण ठरवतं? इथे त्या जरा अडखळल्या. म्हणाल्या, आत्तापर्यंत मीच. मग स्वतःच म्हणाल्या की जवळच्या फिजिओला महिन्यातून एकदा बोलावता येईल, पालकांनी मिळून खर्च उचलला तर. चार पालकांशी मी बोलले आहे, तिघं तयार आहेत.

दहाव्या वर्षी काय कळणार, हेही सरळ विचारलं. त्या बराच वेळ बोलल्या. त्यांना स्वतःला अकराव्या वर्षी उंचीवरून संघातून काढलं होतं. ते सांगताना त्यांचा आवाज बदलला. मला वाटतं त्या मला घाबरवत नव्हत्या, जे त्यांच्या वाट्याला आलं त्यासाठी मला आधी तयार करत होत्या.

सहा दिवस नको म्हटलं. चार दिवस, दोन तास, वर्षभर. मग पुन्हा बसून बोलायचं, लेकीसकट. त्या तयार झाल्या. खूश दिसल्या नाहीत, पण तयार झाल्या.

तालीम काका, ठाण्यात दोरीचा मल्लखांब रविवारी सकाळी कुठे चालतो हे माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. लेकीने विचारलंय की दोरीला किती उंचीपर्यंत चढू देतात.

तालीम (शनिवार, रात्री १०.१०)

व्यनि केला आहे. पहिल्या दिवशी तिच्या डोक्याच्या उंचीपर्यंतच चढवतील. नखं कापून पाठवा, आणि हाताला तेल किंवा क्रीम नको.